डोंगरात कसलं आलंय हरिकेन?



जून लागला की आपल्यात दोन तट पडतात. टॅम्पा, मायामी, ह्यूस्टनकडची मंडळी बॅटऱ्या, पाण्याचे कॅन आणि प्लायवुडच्या फळ्या मोजायला लागतात. डोंगराकडची मंडळी त्यांना फोनवर म्हणतात, "अरे, या की आमच्याकडे राहायला! इथे कसलं आलंय हरिकेन?" नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम टोकाला, ब्लू रिज डोंगरांत ॲशव्हिल म्हणून गाव आहे. बऱ्याच जणांनी ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला तिथे चकरा मारल्या असतील. घरून काम करायची सोय झाल्यावर आपल्यापैकी काहींनी त्या बाजूला घरंही घेतली. समुद्र अडीचशे मैल लांब, हवा थंड, भूकंप नाही, वणव्यांचा कॅलिफोर्नियासारखा त्रास नाही. वर्तमानपत्रांत आणि घरं विकणाऱ्यांच्या बोलण्यात या गावाला 'क्लायमेट हेवन' म्हणायची फॅशन होती. २०२४ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हेलीन आलं आणि ती फॅशन संपली.

त्यानंतर या विषयावर आपल्या लोकांत भरपूर हळहळ झाली, देणग्याही गोळा झाल्या, ते चांगलंच झालं. पण तयारीचं बोलणं निघालं की अजूनही किनाऱ्यावरचीच यादी पुढे येते: गाडीत पेट्रोल भरा, आदेश निघाला की हायवे पकडा. माझं मत असं की ही यादी डोंगरात निम्मी निरुपयोगी आहे आणि उरलेल्या निम्म्यातली एखादी गोष्ट जिवावर बेतू शकते. ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी त्या आठवड्यात काय झालं ते. हेलीन २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री अकराच्या सुमारास फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागलं. कॅटेगरी ४, वारा ताशी १४० मैल. ॲशव्हिल तिथून सरळ रेषेत पावणेचारशे मैलांच्या आसपास आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० फूट उंच. पण डोंगरात पाऊस सुरू झाला होता २५ तारखेलाच, म्हणजे वादळ अजून मेक्सिकोच्या आखातात होतं तेव्हा. वादळाच्या पुढे निघालेला ओलावा डोंगरांना येऊन आपटत होता. दोन दिवसांत जमीन इतकी भिजली की स्पंजमध्ये जागाच उरली नाही, आणि मग २७ च्या पहाटे मुख्य वादळ आलं. तीन दिवसांत ॲशव्हिल विमानतळावर १४ इंचांच्या आसपास पाऊस पडला. यान्सी काउंटीतल्या बुसिकमध्ये जवळजवळ ३१ इंच, आपल्या मापात ७८० मिलिमीटर.

मुंबईकर म्हणतील, यात काय, आम्ही २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर बघितलाय. मान्य. पण मुंबईचं पाणी सपाटीवर तुंबतं, हळूहळू गुडघ्यापासून कमरेपर्यंत येतं. डोंगरातलं पाणी उतारावरून धावतं, वाटेतल्या ओढ्यांना गोळा करतं आणि सोबत दगड, झाडं, गाड्या आणि कधी अख्खी घरं घेऊन खालच्या दरीत येतं. वर चढायला तासभरही लागत नाही. ज्यांनी सावित्री किंवा कोयनेचा पूर बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यामागचं भूगोलाचं कारणही आपण सहावी-सातवीत शिकलोय. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीला आपटतात, वर चढतात, थंड होतात आणि महाबळेश्वरला पाणी ओततात. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर ओतलं होतं. ब्लू रिजची दक्षिण-पूर्वेची कड तशीच उभी आहे, आणि हरिकेन जवळ आलं की त्याचे वारे नेमके त्या कडेवर ओलावा आणून आपटतात. म्हणजे डोंगर वादळाला अडवतो ही समजूत अर्धवट आहे. वारा अडतो, पाऊस वाढतो. आणि कॅटेगरीचा आकडा फक्त वाऱ्याचा असतो, पावसाचा त्यात हिशेबच नाही. ॲशव्हिलला पोचेपर्यंत हेलीन हरिकेनही राहिलं नव्हतं, नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म झालं होतं. टीव्हीवर आकडा उतरताना बघून निर्धास्त झोपलेले लोक पुष्कळ होते.

बरं, हे पहिल्यांदा झालं असंही नाही. जुलै १९१६ मध्ये पाठोपाठ दोन वादळांचा पाऊस याच डोंगरांत पडला आणि ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदी २३.१ फुटांवर गेली. सुमारे ८० माणसं गेली. हेलीनमध्ये तीच नदी २४.६७ फुटांवर गेली. मधल्या काळात १९६९ मध्ये कमील वादळाचा उरलासुरला भाग व्हर्जिनियातल्या नेल्सन काउंटीवर रातोरात २५ इंचांहून जास्त पाऊस पाडून गेला आणि शंभराहून अधिक लोक झोपेत दगावले. समुद्रकिनारी नव्हे, डोंगरात. सप्टेंबर २००४ मध्ये फ्रान्सिस आणि आयव्हन ही दोन वादळं दहा दिवसांच्या अंतराने ॲशव्हिलच्या परिसरात येऊन गेली. आयव्हनच्या रात्री मेकन काउंटीतल्या पीक्स क्रीकवर दरड कोसळून पाच जण गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये फ्रेड वादळाने हेवूड काउंटीत पिजन नदीला पूर आणला, सहा जण गेले. एवढं सगळं नोंदीत असताना 'न भूतो' म्हणायचं म्हणजे कमाल आहे. डोंगरातल्या पुराचं दुर्दैव हे की तो पंचवीस-पन्नास वर्षांनी एका खोऱ्यात येतो आणि शेजारचं खोरं कोरडं राहतं. गावाला आठवण राहते, नव्याने येऊन घर घेणाऱ्याला ती कोणी सांगत नाही.

आता इव्हॅक्युएशन.

किनाऱ्यावरचं गणित सोपं आहे, निदान कागदावर तरी. समुद्र एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला पळायचं. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या काउंट्यांना 'नो युवर झोन' नावाची पद्धत आहे, घराचा पत्ता टाकला की झोन ए, बी, सी कळतो आणि आदेश झोनवार निघतो. हेलीनच्या वेळी पश्चिमेकडच्या डोंगरी काउंट्यांना अशी राज्यपातळीची झोनची पद्धत नव्हती. आणि असती तरी पळणार कुठे? ॲशव्हिलमधून पश्चिमेला टेनेसीकडे जाणारा आय-४० पिजन नदीच्या घळीतून जातो. पूर्वेला जाणारा आय-४० ओल्ड फोर्टच्या घाटातून उतरतो. उत्तरेला आय-२६ टेनेसीत अर्विनजवळ नोलीचकी नदी ओलांडतो. २७ सप्टेंबरला पिजनच्या घळीत आय-४० च्या लेन नदीने खाल्ल्या, ओल्ड फोर्टच्या बाजूला दरडी आल्या, अर्विनजवळचे पूल वाहून गेले. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातले सगळे रस्ते बंदच आहेत असं समजा, असं राज्याच्या वाहतूक खात्याने त्या दिवशी जाहीर केलं. पिजनच्या घळीतला आय-४० पुन्हा सुरू व्हायला १ मार्च २०२५ उजाडला, तोही एकेका लेनने.

डोंगरात रस्ते नदीच्या कडेनेच बांधतात कारण सपाट जागा तेवढीच असते. त्यामुळे पूर आला की पहिला बळी रस्त्याचा. आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा दोन एसट्या अंधारात थेट नदीत गेल्या. घरात बसलेल्यांना नदीने नेलं नाही, प्रवासात असलेल्यांना नेलं. म्हणून मी म्हणतो की २७ तारखेच्या सकाळी फोनवर अलर्ट वाजला म्हणून जो माणूस बायकामुलांना गाडीत घालून हायवेकडे निघाला असेल, तो बहुधा घरापेक्षा धोक्याच्या जागी निघाला होता. नदीकाठी राहणाऱ्याला निघणं भागच होतं, पण त्याने जायचं होतं मागच्या चढावरच्या शाळेत किंवा ओळखीच्याकडे, अर्ध्या मैलावर. शार्लटला नव्हे.

ह्यूस्टनच्या मंडळींना २००५ चं रीटा आठवत असेल. लाखो लोक एकदम रस्त्यावर, शंभर मैलांना वीस-वीस तास, आणि वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या बसला आग लागून २३ जण गेले. वादळापेक्षा पळण्यात जास्त माणसं गेली. तेव्हापासून किनाऱ्यावरचे अधिकारी सांगतात, पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. डोंगरासाठी हेच वाक्य जरा दुरुस्त करून हवं: पाण्यापासून वर चढा, आणि तेही आदल्या संध्याकाळी.

आदल्या संध्याकाळी कळलं होतं का? हो, कळलं होतं. हवामान खात्याच्या ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग कार्यालयाने २६ तारखेलाच सांगितलं होतं की अलीकडच्या काळातली ही इथली सर्वात मोठ्या घटनांपैकी एक ठरेल, आणि तुलना थेट १९१६ च्या पुराशी केली होती. अंदाज चुकला नाही, उलट इतका अचूक अंदाज क्वचित बघायला मिळतो. अडलं ते पुढच्या पायरीवर. 'विक्रमी पूर येणार' हे वाक्य आणि 'ओढ्याकाठच्या तिसऱ्या घरातल्या आजींनी रात्री आठपर्यंत चर्चमध्ये जायचं' हे वाक्य, यांच्यामध्ये जो पूल असायला हवा तो नव्हता. बंकम काउंटीत (ॲशव्हिल याच काउंटीत येतं) आदल्या दिवशी सावधगिरीच्या सूचना होत्या, पण नदीकाठच्यांना सक्तीचा आदेश निघाला तो २७ च्या सकाळी, पाणी चढत असताना. काही काउंट्यांनी आदेश काढलाच नाही. बंकममध्ये चाळीसहून अधिक आणि राज्यात शंभराहून अधिक माणसं गेली.

अधिकाऱ्यांची बाजूही आहे, आणि ती मला पूर्ण पोकळ वाटत नाही. ते म्हणतात, डोंगरात कुठला ओढा फुगेल आणि कुठली दरड सुटेल हे घर-घर सांगता येत नाही. पूर्ण काउंटी रिकामी करायला सांगितली तर लोक त्याच नदीकाठच्या रस्त्यांवर येतील. आणि दोनदा आदेश काढून काही झालं नाही तर तिसऱ्यांदा कोणी हलणार नाही. यातलं शेवटचं कारण मला पटत नाही. फ्लोरिडात दर दोन-तीन वर्षांनी आदेश निघतो, निम्म्या वेळा वादळ भलतीकडे जातं, लोक शिव्या घालतात आणि पुढच्या वेळी पुन्हा निघतात. सवयीचा प्रश्न आहे. पहिली दोन कारणं मात्र खरी आहेत, आणि म्हणूनच डोंगराला काउंटीभर नव्हे तर ओढ्याओढ्याचे झोन हवेत. कुठलं घर ओढ्यापासून किती उंचीवर आहे हे आज लायडारच्या नकाशावरून फुटाफुटाने कळतं. आपल्यातल्या अर्ध्या लोकांना हे काम शनिवार-रविवारात जमेल, इतका तो डेटा मोकळा पडलाय.

दरडींची गोष्ट तर जास्त चीड आणणारी आहे. २००४ च्या पीक्स क्रीकनंतर नॉर्थ कॅरोलायनाने २००५ मध्ये पैसे मंजूर करून डोंगरी काउंट्यांचे दरडींचे नकाशे करायला घेतले. चार काउंट्या झाल्या, आणि २०११ मध्ये विधिमंडळाने पैसे काढून घेतले. उतारावरच्या जमिनीवर लाल रंग दिसला की भाव पडतो, बांधकाम अडतं, हा त्यामागचा राजकारणाचा भाग होता. काम पुन्हा सुरू झालं २०१८ मध्ये. हेलीनच्या पावसात दोन हजारांहून जास्त दरडी कोसळल्याची नोंद यूएसजीएसने केली आहे. बंकममध्ये फेअरव्ह्यू भागात एका दरडीखाली एकाच कुटुंबातले ११ जण गेले. ही बातमी वाचताना माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) आठवली नाही असा मराठी माणूस विरळा. देश कितीही श्रीमंत असो, दिवसभर भिजलेला तीव्र उतार सारखाच वागतो. आणि खुणाही सारख्याच असतात: अंगणात नवी भेग, झाडं किंवा खांब कलणं, दारं अचानक अडकणं, ओढ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा पाऊस चालू असताना एकदम कमी होणं. हे शेवटचं दिसलं तर वर कुठेतरी बांध पडलाय आणि तो फुटणार आहे असं समजायचं आणि सामान न बघता आडव्या दिशेने बाजूला व्हायचं.

आता धरून चालू की घर वाचलं, माणसं वाचली. किनाऱ्यावर लोक तीन दिवसांची तयारी करतात. ॲशव्हिलमध्ये नळाला पिण्यालायक पाणी यायला ५३ दिवस लागले, १८ नोव्हेंबरपर्यंत. २००४ च्या पुरात मुख्य जलवाहिन्या तुटल्या होत्या म्हणून शहाणपणाने एक बायपास लाइन टाकली होती, २५ फूट खोल पुरलेली. नदीने तेवढी जमीन खरवडली आणि तीही नेली. (त्याच तलावाच्या धरणाला हेलीनच्या काहीच वर्षं आधी जादा सांडवा बांधला होता. तो चालला, धरण टिकलं. तो खर्च उधळपट्टी वाटला होता अशांनी याची नोंद घ्यावी.) आपल्या भाषेत सांगायचं तर रिडंडन्सी होती, पण दोन्ही लाइन एकाच दरीतून गेल्या होत्या. असले डीआर प्लॅन आपण दुसऱ्यांच्या डेटा सेंटरला नापास करतो.

डेटा सेंटरवरून आठवलं. अमेरिकेच्या हवामानाच्या जुन्या नोंदींचं मुख्य भांडार, नोआचं एनसीईआय, ॲशव्हिलमध्येच आहे. हेलीनमध्ये तेच ऑफलाइन गेलं. डेटा शाबूत राहिला, पण देशाला पावसाचा इतिहास सांगणारी साइट कित्येक दिवस उघडत नव्हती. आणि नेटवर्क म्हणाल तर बाधित भागातले सुमारे तीन चतुर्थांश मोबाइल टॉवर बंद होते. फोनवरचा अलर्ट टॉवर उभा असेपर्यंतच येतो, हे लिहून ठेवा. माहिती मिळत होती ती रेडिओवर. स्थानिक पब्लिक रेडिओवर काउंटीच्या पत्रकार परिषदा चालू होत्या आणि लोक गाडीत बसून त्या ऐकत होते. वीज नाही म्हणजे कार्ड नाही, दुकानं फक्त रोख घेत होती.

आमच्या ओळखीच्या एका घरातले आईवडील पुण्याहून आले होते, सहा महिन्यांसाठी. मुलगा-सून त्या आठवड्यात शार्लटला, आणि हे दोघं ॲशव्हिलच्या अपार्टमेंटमध्ये. चार दिवस काही पत्ता नाही. शेवटी कळलं की बरे आहेत, वरच्या मजल्यावरच्या एका बाईने त्यांना रोज पाणी आणि सफरचंदं आणून दिली. त्यांच्याकडे औषधं होती म्हणून निभावलं. पण मुलगा म्हणाला ते मला विसरता येत नाही: त्यांना शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत सांगता येत नव्हता, आणि मुलाचा नंबर फोनमध्ये होता, कागदावर नव्हता. फोनची बॅटरी संपल्यावर तो नंबरही संपला. ही परिस्थिती आपल्या किती घरांत आहे ते ज्याने त्याने बघावं. आईवडील नेमके एप्रिल ते ऑक्टोबर येतात आणि हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो.

पैशाच्या बाबतीत आपली आणखी एक खास अडचण आहे, जी गोऱ्या शेजाऱ्याला नाही. फेमाची रोख मदत हेलीनच्या वेळच्या नियमांप्रमाणे नागरिकांना, ग्रीनकार्डवाल्यांना आणि अशाच काही वर्गांना मिळत होती. एच-१बी, एल-१, एफ-१ वर असलेला माणूस स्वतःच्या नावावर त्यात बसत नाही. घरात इथे जन्मलेलं मूल असेल तर त्या मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. निवारा, अन्न, पाणी यांना मात्र व्हिसा विचारत नाहीत, तिथे संकोचाने मागे राहू नये. दहा-बारा वर्षं टॅक्स भरून ग्रीनकार्डच्या रांगेत उभा असलेला माणूस, त्याचं घर वाहून गेलं तर कर्ज बँकेचं आणि मदत शून्य, हा हिशेब घर घेतानाच करायचा असतो.

आणि फ्लड इन्शुरन्स. बंकम काउंटीत हेलीनच्या वेळी एक टक्क्याहून कमी घरांकडे तो होता. साध्या होमओनर्स पॉलिसीत पूर येत नाही. फेमाच्या नकाशात घर पुराच्या पट्ट्याबाहेर असलं की बँक विमा मागत नाही आणि आपण खूश होतो. पण त्या नकाशात लहान ओढे सहसा धरलेलेच नसतात, आणि डोंगरातली घरं लहान ओढ्यांवरच असतात. 'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या मॉर्गेजवर ती साधारण २६ टक्के होते, चारात एक. इंजिनिअर माणसाने याला नगण्य म्हणू नये. सरकारी योजनेतली पॉलिसी घेतल्यावर सहसा तीस दिवसांनी लागू होते, तेव्हा टीव्हीवर वादळाचा शंकू बघून फोन करून उपयोग नाही. दरड मात्र त्यातही नाही आणि होमओनर्समध्येही नाही. त्यासाठी 'डिफरन्स इन कंडिशन्स' नावाची वेगळी पॉलिसी मागावी लागते, एजंट स्वतःहून सांगत नाहीत.

डोंगरात घर बघायला जाल तेव्हा ग्रॅनाइट काउंटर आणि डेकवरून दिसणारा देखावा मागून बघा. आधी बघा की घरापर्यंतचा रस्ता काउंटीचा आहे की खाजगी, आणि वाटेत ओढ्यावर एकच छोटा पूल आहे का. हेलीनमध्ये असे हजारो खाजगी रस्ते आणि पूल गेले आणि ते बांधायचा खर्च घरवाल्यांच्या अंगावर आला. ऑक्टोबरमध्ये चार दिवस केबिन घेणाऱ्यांनीही एवढं बघावं की केबिन ओढ्याच्या काठावर आहे की वर. खळखळ ऐकत झोपायला छान वाटतं, मान्य आहे. वादळाचा अंदाज असेल तर दोनशे डॉलर सोडून बुकिंग रद्द करावं.

बाकी तयारीची यादी तुम्हाला माहीत आहे: पाणी दोन आठवड्यांचं, रोख रक्कम लहान नोटांत, औषधं, पासपोर्ट आणि आय-७९७ झिपलॉकमध्ये. त्यात माझी एकच भर, ती म्हणजे बॅटरीवर चालणारा नोआ वेदर रेडिओ. तीस-चाळीस डॉलरला मिळतो, आपली काउंटी निवडून ठेवता येते, आणि टॉवर पडला, राउटर बंद झाला तरी रात्री तीन वाजता ओरडून उठवतो. स्मार्टफोनच्या जमान्यात हा डबा घरात बघून मुलं हसतात. हसू देत.

एक प्रस्ताव आहे आणि तो मंडळांसाठी आहे. गणपती बरोबर हरिकेनच्या ऐन मोसमात येतात. दर्शनाला, आरतीला, जेवणाला सगळी मंडळी एका हॉलमध्ये जमतात, दारात नाव लिहून घेणारा एक स्वयंसेवक बसलेलाच असतो. त्याच वहीत आणखी तीन रकाने करावेत: घरी भारतातून आलेले आईवडील आहेत का, घर नदी-ओढ्याजवळ किंवा तीव्र उतारावर आहे का, आणि तुमच्या घरी दोन-तीन रात्री कोणाला ठेवून घेता येईल का. मग वादळाचा अंदाज आला की आदल्या दुपारी मंडळाने या तीन रकान्यांची जोडी लावून फोन करायचे. काउंटीचे झोन होतील तेव्हा होतील. गावातल्या गावात, उंचावरच्या मराठी घरी एक रात्र राहायला कोणाला आदेश लागत नाही, आणि आजी-आजोबांना शाळेच्या जिममधल्या खाटेपेक्षा ते बरं पडतं.

ग्रीनव्हिल आणि आसपासच्यांसाठी सुरुवात माझ्यापासून करतो. आमचं घर ओढ्यापासून लांब आणि चढावर आहे, चार माणसांची सोय आहे, प्रोपेनची शेगडी आहे. झोपायच्या खोल्या वर आहेत, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खालच्या खोलीत गादी टाकू. कुत्रा आहे, तो चावत नाही.